बघण्याचा कार्यक्रम

माझं रशियन हे पंपांचं रशियन. बाजव्याजवळ रिफायनरी उभी राहत होती तेव्हा तिकडचे तज्ज्ञ बडोद्याला आले, आणि ते काय बोलतात हे आपल्या इंजिनियरांना सांगायला माणसं हवी होती. आमच्या घरातल्या पुरुषांनी पिढ्यानपिढ्या संस्थानची चाकरी केलेली. संस्थान गेलं, मग मुंबई राज्य गेलं, गुजरात झालं. संध्याकाळच्या रशियन वर्गाला जाऊ का, असं मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "जा. उद्या कोणाचं राज्य येईल सांगता येत नाही." मी गेले. नसोस म्हणजे पंप, उतेच्का म्हणजे गळती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. प्रेमाला काय म्हणतात ते मात्र कोशात बघावं लागलं, आणि बघून ठेवलेला तो शब्द वापरायची वेळ कधी आली नाही.

ती का आली नाही, हेही सांगून टाकते. मला बघायला पुष्कळ जण आले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बैठकीची सतरंजी झटकली गेली की शेजारपाजारच्यांना कळायचं, आज हिचा बघण्याचा कार्यक्रम. मी पोह्यांच्या बशा घेऊन जायची, खुर्चीवर बसायची, नाव सांगायची. मग कोणीतरी म्हणायचं, "जरा चालून दाखव पाहू." म्हणजे मी लंगडते का ते दिसावं. मला नाही म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. सगळे 'कळवतो' म्हणाले. त्यांचं कळवणं अजून वाटेत आहे. सुरुवातीला वाईट वाटायचं, फार वाटायचं. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दाराशी जाऊन उभी राहायची. पुढे मी नोकरीत रमले, जिभेला धार आली, आणि घरात तो विषय बंद झाला.

रशियन मंडळी आपल्या देशी परत गेली. मी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करत राहिले, आणि मग एक दिवस तो देशच मोडला. तेव्हा आम्ही शहराबाहेर समा भागातल्या सोसायटीत राहायला आलो होतो. मी, दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी, माझी भाची. भाषा रद्दीत गेली म्हणून दादा मला चिडवायचा. तशात एका संध्याकाळी भाची कॉलेजातून धापा टाकत आली. ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती.

"आत्या, मॉस्कोहून एक चित्रकार बाई आल्यात. महिनाभर आमच्याकडे राहून काम करणार. इंग्रजी धड येत नाही त्यांना. मी सरांना सांगून आले, आमच्या घरी रशियन आहे."

घरी गॅस आहे, घरी फोन आहे, तसं घरी रशियन. मी तोंड वाकडं केलं आणि मनातून हरखले.

त्या दिवसांत घरात आणखी एक गोष्ट चालली होती. आदल्या वर्षी भाचीला बघायला पुण्याचे लोक आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी तिचे हात मागून घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "नखांत हे काय?" ती म्हणाली, "रंग." "रोज असतो?" "रोज." मग त्यांनी चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेले. पुढे काही आलं नाही. पोरगी दिवसदिवस लिंबाच्या फोडीने नखं घासत बसायची. अख्खा पावसाळा तिने ब्रशला हात लावला नाही. आणि आता वहिनीने नवीन स्थळ आणलं होतं. जळगावकडची माणसं, वडील नोकरीच्या निमित्ताने येऊन बाजव्याला वसाहतीत राहिलेले, मुलगा केमिकलच्या कारखान्यात इंजिनियर. ती मंडळी लवकरच एका रविवारी समाला येणार असं ठरत होतं. भाची मला गच्चीवर म्हणाली, "बसते मी, आत्या. बाबांचं मन नाही मोडत. पण या वेळीही नुसतं कळवतो झालं ना, तर मी हे सोडते आणि बी.एड.ला जाते. परत तसं व्हायची ताकद नाही माझ्यात." लग्न झालं काय, नाही झालं काय, मला त्याची फिकीर नव्हती. माझ्या हयातीत एक बघणं वाया गेलं नव्हतं, सगळी जिव्हारी लागली होती, आणि तिचा चित्राचा हात त्यात जाऊ नये एवढंच मला वाटत होतं.

पाहुणी पन्नाशीची होती. आडव्या बांध्याची, केस आखूड कापलेले. आम्ही स्वेटर घालून बसलेलो आणि ती सुती झग्यात पंखा लावा म्हणत होती. पहिल्या दिवशी ती मॉस्कोबद्दल बोलली. तिथल्या काही चित्रकारांची कामं सरकारी दालनांत लागत नसत, तेव्हा ते मित्रांना घरी बोलवत. स्वयंपाकघरात दाटीवाटीने सगळे बसत. चित्रकार एकेक कागद समोर ठेवी, सगळ्यांचं बघून होईपर्यंत थांबे, मग पुढचा. शेवटचा कागद कोरा असे. तो कोरा कागदही ते तितकाच वेळ बघत. कधी ही मंडळी गाडीने शहराबाहेर जात आणि बर्फाच्या माळावर उभी राहत. बराच वेळ काही घडत नसे. मग लांबच्या झाडीतून एक माणूस निघे, माळ ओलांडून पलीकडच्या झाडीत शिरे, आणि संपलं. परत येताना गाडीत वाद होई, तुला काय दिसलं आणि मला काय दिसलं. "आमची कलाकृती म्हणजे तो वाद," ती म्हणाली.

एका मुलाने हिंदीत विचारलं, मग यात कलाकाराने केलं काय? मी ते रशियनमध्ये नेलं. ती हसली. "आम्ही बोलावलं," ती म्हणाली, "आणि ते थंडीत आले."

त्या दिवशी माझी खरी पंचाईत एका शब्दाने केली. ती सारखी 'ज़्रीतेल' म्हणे. म्हणजे बघणारा. आता मराठीत काय म्हणावं? प्रेक्षक म्हटलं तर तिकीट काढून बसलेला माणूस दिसतो. रसिक म्हटलं की शाल पांघरून, डोळे मिटून, मान डोलावणारे गृहस्थ. आणि बघ्या म्हणजे अपघाताभोवती हात बांधून उभा राहणारा. तिच्या मनातला माणूस यांतला कुठलाच नव्हता. तो नुसता यायचा, उभा राहायचा, आणि त्याच्या येण्याने काम पुरं व्हायचं. असल्या माणसाला आपल्याकडे शब्द नाही याचं मला नवल वाटलं. गुजराती पोरांना 'जोनार' म्हणून सांगितलं आणि वेळ मारून नेली.

मला ती फार आवडली, हे कबूल करायला हरकत नाही. हुशार माणसं मी रिफायनरीत पुष्कळ बघितली, पण हिची हुशारी समोरच्याला लहान करत नव्हती. कोणी काहीही बोललं की ती मान तिरकी करून ऐके, आणि माझं भाषांतर होईपर्यंत बोलणाऱ्याकडेच बघत राही, माझ्याकडे नाही. दुभाष्याला याचं मोल कळतं. एरवी लोक आमच्या तोंडाकडे बघतात आणि ज्याचं बोलणं आहे त्याला विसरतात.

मग तिने कॉलेजात करायच्या कामाचं नाव सांगितलं. 'स्मत्रीनी'. मी मोठ्याने हसले, कारण हा शब्द मला पंपांच्या पलीकडचा म्हणून लक्षात राहिला होता. रशियात पूर्वी खेडोपाडी मुलाकडचे मुलीला बघायला येत, त्या प्रसंगाला म्हणतात स्मत्रीनी.

"तुमच्याकडे आहे असं काही?" तिने विचारलं.

"आहे का म्हणजे? मी त्यातली पदवीधर आहे," मी म्हटलं.

आणि मग आम्ही दोघी प्रौढ बायका कॅंटीनच्या बाकावर बसून पोरींसारख्या खिदळलो. मी सतरंजी सांगितली, पोहे सांगितले. तिने सांगितलं की तिकडे मुलीच्या हाती झाडू देत आणि खोली झाडायला लावत. "आणि चालायला लावत," ती म्हणाली. "लंगडते का ते बघायला." मी हसायची थांबले. एवढा मोठा बर्फाचा देश, आणि तिथेही तेच. मग मी तिला 'कळवतो' सांगितलं. तिला ळ जमेना. पण अर्थ एका क्षणात कळला. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मांडणी अशी होती. कॉलेजच्या मागच्या बाजूच्या एका लांबट खोलीला पडदा लावला. पडदा सारून एका वेळी एकच माणूस आत जाणार. आत मधोमध एक लाकडी खुर्ची. समोर भिंतभर कापडावर रंगवलेली पाहुणे मंडळी, माणसाएवढी, ओळीने बसलेली. कोणाच्या हातात कपबशी, कोणाच्या मांडीवर पर्स, कोणाच्या हाताची घडी. सगळ्यांना कपडे होते, हात होते, चपला होत्या, चेहरे मात्र कोणालाच नव्हते. चेहऱ्याच्या जागी कोरं कापड. मुलांनी वाटून रंगवलं, आणि सगळे हात पाहुणीने माझ्या भाचीला काढायला दिले. तिला पुण्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. भाचीच्या जुन्या वह्यांतले हात बघून तिने निवडलं.

आवाज माझा. खुर्चीत माणूस बसला की टेप सुरू होई आणि मी मराठीत, मग गुजरातीत, मग हिंदीत विचारी: ये, बैस. नाव काय? स्वयंपाक येतो का? गाणं येतं? जरा चालून दाखव. प्रत्येक प्रश्नानंतर पाहुणीने मोठी शांतता ठेवायला लावली. शेवटी, "बरं. आम्ही कळवतो." ध्वनिमुद्रण करताना 'जरा चालून दाखव'ला माझा आवाज फाटला. मी म्हटलं, परत घेऊ. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तिने मान हलवली आणि तेच ठेवलं.

टेप नेमकी वेळेवर सुरू व्हायला कोणीतरी लपून बघायला हवं होतं. त्यासाठी बाजूच्या प्लायवूडच्या फळीला एक बारीक भोक पाडलं आणि मागे भाचीला स्टूल दिलं. "नीट बघ," पाहुणी तिला म्हणाली. "ते चित्र बघायला म्हणून येतील. तू त्यांना बघ."

निमंत्रणपत्रिकेचा मजकूर माझा. स्मत्रीनीला सरळ 'बघण्याचा कार्यक्रम' लिहिलं, खाली गुजरातीत 'जोवा पधारजो', म्हणजे बघायला या, आणि 'सहकुटुंब यावे'. आयुष्यात एवढं चपखल भाषांतर मी केलं नव्हतं. आठवडाभर त्याच तोऱ्यात होते.

खोली उघडली आणि लोक येऊ लागले. भाची रोज घरी येऊन जेवताना तेच सांगे. "लोक बसतात कसे, आत्या! आमचे एक सर पायावर पाय टाकून बसले, आणि दुसऱ्या प्रश्नाला पाय खाली घेतला. एक शेठ आले होते, स्वयंपाक येतो का विचारल्यावर म्हणाले, चहा येतो. खरंच सांगितलं त्यांनी, कापडाला!" बाहेर पाहुणी प्रत्येकाला एकच विचारायची, तुम्हाला काय दिसलं? आणि मी उत्तरं तिला द्यायची. कोणाला तिथे परीक्षक दिसले होते, कोणाला बँकेचा मॅनेजर, एका नव्या लग्नाच्या मुलीला चारही नणंदा. एक जण म्हणाला, काही दिसलं नाही, कंटाळा आला. पाहुणीने तेही तितक्याच आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, कंटाळा कितव्या प्रश्नाला आला?  कोऱ्या कापडावर प्रत्येक जण आपापल्या घरचे चेहरे घेऊन येत होता, आणि या बाईने हे आधीच ओळखून जागा सोडून ठेवली होती. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला. मी स्वतः त्या खुर्चीत बसले नाही. मी पुष्कळ बसलेली आहे.

भाचीत बदल होत होता. ती ताठ चालायला लागली होती. पण रविवार जवळ आला तसं तिचं जेवण कमी झालं, आणि शनिवारी मी तिला मोरीत नखं घासताना बघितलं.

आता वहिनीचा पराक्रम. स्थळ सुचवणाऱ्या ओळखीच्या मावशींना तिने रविवारी पाच वाजता समाला या असा निरोप दिला, आणि जोडीला माझी पत्रिकाही दिली. आमच्या मुलीचं काम परदेशी बाईंबरोबर लागलंय, हे तिकडे कळावं एवढाच हेतू. मावशींनी निरोप तोंडी सांगितला आणि पत्रिका हातात ठेवली. बाजव्याच्या घरी ती वाचली गेली, आणि छापील पत्त्यापुढे तोंडी निरोप मागे पडला. छापील 'बघण्याचा कार्यक्रम', 'सहकुटुंब यावे', खाली वेळ आणि कॉलेजचा पत्ता. त्यांनी काय समजावं? बडोद्याचे लोक सुधारलेले, मुलगी बघायलाही हॉल घेतात आणि पत्रिका छापतात.

रविवारी चारच्या सुमाराला मी आणि पाहुणी चहा घेऊन परत आलो, तर पडद्यापाशी एक कुटुंब उभं. वडील सफारी सुटात. मुलगा कडक इस्त्रीत. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, हातात पेढ्यांचा पुडा आणि पिशवीतून डोकावणारा नारळ. दारावरच्या मुलीला ती विचारत होती, "बघण्याचा कार्यक्रम इथंच ना?"

"हा बेन, अहीं ज," ती मुलगी म्हणाली. "एक एक जण अंदर जजो."

"मुलीचे वडील दिसू नाही राहिले?" आई म्हणाली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.  मुलीचे वडील समाला दारात उभे होते, वहिनी पोहे परतत होती, आणि मुलगी, अजून घरी न निघालेली, फळीमागे स्टुलावर, रंगाने माखलेल्या जुन्या कुडत्यात. माझ्या चपखल भाषांतराने तिचं सगळं मातीत घातलं असं मला वाटलं. मी पुढे होईपर्यंत आई म्हणाली, "आधी मीच बघून येते," आणि पडदा सारून आत गेली.

पाहुणीला मी घाईघाईने सांगितलं, ही कोण. ती हसली नाही. "राहू दे तिला," एवढंच म्हणाली.

पडद्याबाहेर माझाच आवाज मला ऐकू येत होता. ये, बैस. नाव काय? मग त्या बाईंनी नाव सांगितलं. स्वयंपाक येतो का? "येतो." गाणं येतं? जरा वेळ गेला. "जात्यावरचं येतं. पण आता नाही म्हणणार." जरा चालून दाखव. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. पावलं भिंतीपर्यंत गेली आणि सावकाश परत आली. 

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. नवरा आत गेला आणि तणतणत परत आला, "टेप लावून ठेवलीय. ही काय थट्टा आहे?" मुलगा गेला. आतून त्याचं हसू ऐकू आलं. बाहेर येऊन म्हणाला, "आयडिया मस्त आहे."

आई माझ्याकडे बघत होती. "आतला आवाज तुमचा ना?"

"हो," मी म्हटलं. आता बोलणी बसणार म्हणून मी तयारीत होते.

पाहुणीने नेहमीप्रमाणे तिचा प्रश्न विचारला आणि मी तो यांत्रिकपणे मराठीत आणला. तुम्हाला काय दिसलं?

"माझे सासरे," ती म्हणाली. "आणि सासूबाईंचे हात. तसेच, अगदी तसेच. मला बघायला आले तेव्हा मी खाली मान घालून चालले होते, म्हणून मला त्यांचे हातच ठाऊक होते तेवढे. आज म्हटलं, वर बघून चालावं. तर समोर कोणाला तोंडच नाही." ती हसली आणि पदराने नाक पुसलं. "हात कोणी काढले हे?"

"आमच्या मुलीने," मी म्हटलं.

भाचीला बाहेर बोलावलं. ती आली ती चोरासारखी, हात पाठीमागे घेऊन. मुलाच्या आईने ते पुढे घ्यायला लावले. मला पुण्याच्या बाई आठवल्या. हिने हात निरखून बघितले, अगदी नखांपर्यंत, आणि त्यांवर पेढ्यांचा पुडा ठेवला. "तू कुठं होतीस गं?" तिने विचारलं. भाचीने फळी दाखवली, भोक दाखवलं. बाई वाकल्या, भोकाला डोळा लावून आतल्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

पुढे रिक्षा करून सगळे समाला आले. वहिनीचे पोहे गार झाले होते आणि दादाचा चेहरा त्याहून गार. सगळा घोळ उलगडला तेव्हा हशा झाला, फक्त मुलाचे वडील हसले नाहीत. निघताना ते म्हणाले, "बरं, आम्ही कळवतो."

"आपण काय कळवणार?" त्यांची बायको चपला घालता घालता म्हणाली. "आधी तिनं बघितलंय. तिनं कळवावं."

ते गेल्यावर भाचीने मोरीत हात धुतले, बाहेर आली आणि म्हणाली, "आई पसंत आहे. मुलगा नाही."

दादा उसळला. "म्हणजे? आईशी संसार करायचाय?" मुलगा शिकलेला, सरळ, निर्व्यसनी. खोट काय आहे त्याच्यात?

"खोट काही नाही, बाबा. तो बसला, कोणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघितलं. चालून दाखव म्हटल्यावर हसला. मग उठून पुढे गेला आणि स्कूटरच्या किल्लीने रंग खरवडून बघितला. चित्रातल्या हातावरचा." ती शांतपणे सांगत होती. "वाईट मुलगा नाहीये तो. पण मला किल्लीने कोणी खरवडून बघायला नको आहे." दादा काही बोलणार होता, पण वहिनीने त्याच्या पुढ्यातली बशी उचलली आणि म्हणाली, "झालं. आता कळवायचं." माझ्या वहिनीला मी तोवर नुसती पोहेवाली समजत होते. त्या दिवसापासून मी तिला मानते.

कळवायला मी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बसने बाजव्याला. नाही हा शब्द तोंडावर सांगणं किती जड असतं ते मला त्या बसमध्ये कळलं, आणि त्या सगळ्या 'कळवतो'वाल्यांचा मला क्षणभर राग येईना. पण फक्त क्षणभर. घरात त्याची आई एकटीच होती. मी पाणीही न घेता सांगून टाकलं, "मुलीला मुलगा पसंत नाही."

 मुलाची आई होती, लागलं असणारच. पण ती म्हणाली, "आजवर असं येऊन कोणी सांगितलं नव्हतं. बसा, चहा टाकते."

"आणखी एक सांगितलंय तिने," मी म्हटलं. "आई पसंत आहे."

तिच्या हातात साखरेचा डबा होता. तो तसाच धरून ती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. चहा उतू गेला, मी उठून गॅस बंद केला.

"ती खोली अजून आहे का हो?" तिने विचारलं.

त्या दिवशीच संध्याकाळी मांडणी उतरवणार होते. आम्ही मिळेल ती बस पकडून आलो. कॉलेजात मुलं शिड्या आणून उभी होती. पाहुणीने त्यांना थांबवलं. मुलाच्या आई पडदा सारून आत गेल्या, आणि मी भाचीच्या मागे फळीपाशी जाऊन उभी राहिले. भोक तिच्या डोळ्याला होतं. बोट टेपच्या बटणावर.

खुर्चीचा आवाज झाला. आता माझा आवाज सुरू होणार म्हणून मी दात आवळले. काही ऐकू आलं नाही. भाचीने बोट बटणावरून उचललं आणि मांडीवर ठेवलं. मग ती बाजूला सरकली आणि मला बघायला जागा दिली.

बाईंनी पिशवी खाली ठेवली होती, चपला काढल्या होत्या आणि पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घातली होती. सुरुवातीला त्या वाट बघत होत्या, खांदे आवळलेले, मान जरा पुढे. प्रश्न येईना. हळूहळू खांदे खाली आले. डोक्यावरचा पदर पडला, तो त्यांनी सारखा केला नाही. शिड्यावाली मुलं बाहेर कुजबुजत होती, मग तीही गप्प झाली. किती वेळ गेला कोणी बघितलं नाही.

त्या बाहेर आल्या. इतके दिवस येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारणारी पाहुणी पुढे झाली, तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता बाजूला होऊन वाट दिली.

"आज कोणी काही विचारलं नाही," बाई मला म्हणाल्या.